इफडेफ आणि पंढरीकाकांचे पाच टाके

निजामपुऱ्यातून निघालेल्या शेअर रिक्षात माझ्या शेजारच्याच्या मांडीवर आमच्याच कंपनीचा कंट्रोल बॉक्स होता.

"ह्याचा प्रोग्रॅम ज्याने लिहिलाय ना, तो एकदा भेटू दे मला," तो रिक्षावाल्याला सांगत होता.

"भेटली," मी म्हणाले. "बोला."

त्याचे कान लाल झाले. मग थेट डोळ्यांत बघत म्हणाला, "चला नारपोलीला. काय झालंय ते बघा."

त्याचं नाव सागर. तिथल्या कापड विणायच्या कारखान्यातला मेकॅनिक. लूमवर सुताचा धोटा अडकला, की आमच्या बॉक्सने लूम थांबवायचा. तो थांबला नव्हता. धोटा उडून लूम चालवणाऱ्या पंढरीकाकांच्या भुवईवर बसला होता. पाच टाके.

"डोला वाचला, पोरी," काका म्हणाले. मला मान वर करवेना.

सागरने स्टूल पुसून दिलं. मी लॅपटॉप उघडला आणि… डोकंच फिरलं.

जुन्या-नव्या लूमसाठी आमचा प्रोग्रॅम एकच. त्यात जागोजागी 'इफडेफ'. म्हणजे, अमुक नाव ठरवलेलं असेल तरच पुढचा भाग घे, नाहीतर वगळ. जुन्या लूमच्या नावात कुणाचं तरी एक अक्षर चुकलं होतं. तसं नावच नाही, म्हणून थांबवण्याचा भाग गुपचूप गळला.

"मशीनने सांगितलं नाही?" सागर वाकून बघत होता. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास होता.

"सांगणार कसं? इफडेफला चुकलेलं नाव कळतच नाही. तेच साध्या 'इफ'मध्ये लिहिलं, तर प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर दोन्ही बाजू वाचतो, नाव चुकलं तर तिथेच अडवतो, आणि नको तो भाग नंतर टाकतो. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात सांगितलं होतं मी."

"मग माझ्यावर का चिडताय?"

"तुम्ही जवळ आहात म्हणून."

बोलून गेले, आणि जीभ चावली. तो पहिल्यांदाच हसला.

बॉक्स परत करायच्या निमित्ताने तो ऑफिसपर्यंत आला. माझे बॉस हितेश सर शांतपणे म्हणाले, "एक अक्षर बदल आणि पाठवून दे."

"सर, अशी दोनशे ठिकाणं आहेत. मी सगळी बदलणार."

"ऑर्डरी थांबवून?"

"त्या म्हणतात तसं होईपर्यंत आम्ही एकही बॉक्स लावणार नाही," मागून सागर म्हणाला.

बाहेर येताच मी त्याच्यावर उखडले. "माझं भांडण मला भांडता येतं."

"तुमच्यासाठी नाही बोललो," तो हळूच म्हणाला. "काकांसाठी बोललो."

सरांनी तीन आठवडे दिले.

रोज संध्याकाळी त्याचा फोन. "ऋतिका मॅडम, आज किती इफडेफ गेले?" हळूहळू 'मॅडम' गळलं. शेवटी कंपायलरने आणखी चार चुकलेली नावं पकडली. मी ती यादी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पेन काढून प्रत्येक नावाखाली रेघ मारली.

चाचणीला कारखान्यात एकच लूम चालू केला. तरी खडखडाट एवढा, की सागर माझ्या कानाशी येऊन बोलू लागला. तरी मला एक शब्द कळेना. पलीकडे काकांनी खुंटी घालून धोटा अडवला. लूम जागच्या जागी थांबला.

"…आयुष्यभर तुझ्याशी भांडायचंय," त्या शांततेत सागरचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

काकांनी हसू लपवत पाठ फिरवली. मला रागच आला.

"हे असं अर्धं सांगतात?" मी म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं.