पाणी कुठवर पडलं

पाण्याची ट्राम आली की आमच्या रस्त्यावर एकच पळापळ व्हायची. उन्हाळ्यातली धूळ बसावी म्हणून कंपनी ती रोज सकाळी सोडायची. माणसांच्या डब्याच्या जागी भलीमोठी चौकोनी टाकी, टाकीखाली दोन्ही अंगांना भोकं पाडलेले नळ... रस्ता शिंपत, घंटा वाजवत ती यायची आणि लोक कपडे आवरत दुकानांच्या पायऱ्यांवर चढायचे. त्या दिवशी मीही चढले होते.

एक माणूस मात्र रुळांच्या कडेला उभाच! हातात काठी, नजर टाकीच्या बुडाशी लावलेली. फवारा जवळ जवळ येतोय आणि हा आपला हलायला तयार नाही.

"अहो, बाजूला व्हा!" मी ओरडले. त्याने ऐकलंच नाही. मी पायरी उतरले, त्याची बाही धरून ओढली — आणि नेमकी तेव्हाच ट्राम आली. तो गुडघ्यापर्यंत भिजला. मी कमरेपर्यंत.

"दिसत नाही का तुम्हाला?"

त्याने सबंध मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की जणू आसपास दुसरं काही नाहीच.

"दिसतं की! तुम्ही दिसताय. आणि पाणी रुळापासून चार हातांवर पडतंय, तेही दिसतंय. टाकी भरलेली होती तेव्हा सात हात जात होतं."

"म्हणजे मुद्दाम भिजलात?"

"मी कामासाठी भिजलो. तुम्ही कशासाठी भिजलात?"

मी ओले कपडे पिळत कामावर निघाले. ट्राम कंपनीच्या ऑफिसात पोचेपर्यंत तीन झकास उत्तरं सुचली, पण ती ऐकवायची कुणाला? ओल्या कपड्यांनी मी स्टुलावर बसले आणि मोठे साहेब आत आले. त्यांच्यामागे, ओल्या विजारीने, तोच.

"हे आपले नवे टाकीवाले," साहेब म्हणाले. "पाण्याच्या ट्रामसाठी नवी टाकी करायची आहे. यांचे नकाशे तुम्ही उतरवायचे, बाई."

तो हसला. "बाईंची आणि माझी ओळख झाली आहे. पाण्यात."

माझं काम तसं बघायला गेलं तर हमालीचंच. इंजिनिअर पेन्सिलीने कच्चा नकाशा काढणार, मी त्यावर पारदर्शक कापड पसरून शाईने रेघ न् रेघ उतरवणार, आणि माझ्या कापडावरून कारखान्यात पत्रा कापला जाणार. त्या कापडाचं पाण्याशी हाडवैर. एक थेंब पडला की ते पांढरं पडतं, सुरकुततं... आठवड्याचं काम गेलंच म्हणून समजा. आणि हा गृहस्थ माझ्या टेबलावर पाणी घेऊन आला! पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात, काठोकाठ.

"बघा हं. ही टाकी. ही ट्राम चालली..." त्याने डबा सरकवला. "आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला."

डबा थांबला. पाणी थांबलं नाही.

"माझं कापड!"

"वाचलं, वाचलं... बघा, कोरडं आहे. कळलं का? गाडी थांबते, पण आतलं पाणी पुढेच धावतं. अर्धी टाकी असली तर जास्तच. उतारावर असं झालं तर ड्रायव्हरचं काही चालत नाही. म्हणून टाकीत आडवे पडदे घालायचे. पत्र्याचे, भोकांचे. पाणी जाईल, पण दमादमाने."

"आणि फवारा? तो कमी होतो त्याचं काय?"

"ब्रेकसाठी गाडीत दाबाची हवा असतेच. तीच थोडी टाकीत सोडायची. मग टाकी भरलेली असो की रिकामी होत आलेली, पाणी सारखंच लांब पडेल. त्यासाठी टाकी गोल हवी. चौकोनी टाकी दाबाने फुगेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही रागावल्यावर फुगता, तशी."

"मी फुगत नाही!"

"आत्ता फुगलात."

मी हसू दाबलं. दाबलेलं हसू त्याला दिसलं असावं; दिवसभर तो खुशीत शीळ घालत होता.

हिवाळा आला तसं आमचं बोलणं फाटकाबाहेर गेलं. ऑफिसात 'तुम्ही', फाटक ओलांडलं की 'तू'. ट्रामच्या थांब्यापर्यंत चालायचं आणि समोर आलेली ट्राम सोडून द्यायची.

"ही फार भरलेली आहे," तो म्हणायचा.

"रिकामी आहे की!"

"तेच म्हणतो. रिकाम्या गाडीत काय मजा?"

मी वेड्यासारखी सुखात होते. आणि त्याच दिवसांत मला त्याच्या नकाशात पहिली चूक सापडली.

टाकी ज्या पायांवर बसते, त्यांचं माप कागदाच्या उजव्या टोकाला एक होतं आणि डाव्या टोकाला दुसरं. दमला असेल, असं म्हणून मी कापडावर बरोबर माप लिहिलं. पुढच्या नकाशात एका पडद्याची भोकंच काढायची राहिली होती, तीही कागदाच्या कडेला. मी काढली. मग मी लक्ष ठेवू लागले. कागदाच्या मध्यावर त्याची रेघ केसासारखी बारीक आणि चोख. चुका सगळ्या कडांना. वाटेत स्टूल आलं की तो हमखास ठेचकाळायचा. शेजारून चहाचा कप पुढे केला तर त्याला पत्ता नसायचा. कप त्याच्या नाकासमोर न्यावा लागायचा. आणि एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधीच्या करड्या उजेडात, हा उंचापुरा माणूस पुलाचा कठडा धरून जागीच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... हवा बघतोय."

त्याचा हात कठड्यावर घट्ट आवळला होता. मी तो सोडवला, माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, "चल, थंडी वाजतेय मला." तो माझ्या अर्धं पाऊल मागे चालत राहिला. मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

त्याची लाज राखतेय, असं मला वाटत होतं. प्रत्येक नकाशा मी दोनदा तपासायचे, चुका गुपचूप सुधारायचे आणि कारखान्यात पाठवायचे. हे प्रेमच आहे, अशी माझी खात्री होती.

टाकी तयार होत आली तेव्हा आम्ही दोघं ती बघायला कारखान्यात गेलो. गोल, काळी, माणूस आत उभा राहील एवढी. तिच्या पोटातून डोकं बाहेर काढून मिस्त्री मोठ्या कौतुकाने ओरडला, "टाकीवाले, नशीबवान आहात हो! बाईंनी पायांचं माप सुधारलं म्हणून बरं, नाहीतर गाडी वळणावर कलंडलीच असती. पडद्यांचंही तसंच. ऑफिसात कच्चे नकाशे बघितले ना मी!"

तो टाकीवर हात ठेवून उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "किती दिवस चाललंय हे?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"मी काय सांगणार?" त्याचा आवाज चिरकला. "नळीतून बघावं तसं दिसतं मला. नळी बारीक होत जाणार आणि एक दिवस बंद होणार, उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. पण माझे नकाशे बरोबर येत होते ना! एकही परत आला नाही. मला वाटायचं, डॉक्टर चुकला... डोळे टिकलेत माझे. रोज सकाळी उठून मी स्वतःला हेच सांगत होतो."

मी त्याची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली.

"तू सुधारत होतीस," तो म्हणाला. "आणि मी आशा धरून बसलो होतो."

त्याच दिवशी तो मोठ्या साहेबांकडे गेला आणि सगळं स्वतःच सांगून नोकरी सोडून आला. साहेबांनी उरलेलं काम माझ्यावर सोपवलं आणि त्याचं टेबलही मला दिलं. त्या टेबलाशी मी कशी बसत होते ते माझं मला माहीत. खाली मान घालून रेघा ओढायच्या आणि डोळ्यातलं पाणी कापडावर पडू द्यायचं नाही.

त्याच्या खोलीवर गेले तर घरमालकीण सांगायची, तो नाही म्हणून. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

शेवटी मी आईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

"आई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तुझ्या बाबांचं अंथरुणावरचं सगळं मी नऊ वर्षं केलं. लोक म्हणायचे, काय प्रेम आहे! प्रेम पहिल्या वर्षातच आटलं गं. पुढे उरलं ते नुसतं काम. आणि त्यांना ते कळत होतं... त्यांनी शेवटपर्यंत मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोज हसून औषध दिलं." तिने फडकं खाली ठेवलं. "तुला जा म्हणवत नाही मला. जाऊ नकोस म्हणायचाही धीर नाही."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही दोघी रडलो, वेगवेगळ्या कारणांसाठी.

उन्हं तापू लागली आणि टाकीच्या चाचणीचा दिवस आला. सकाळी माणसं दुतर्फा उभी होती. तो येईल अशी मी आशा ठेवली नव्हती. पण तो आला. काठीने फूटपाथची कड चाचपत आला आणि माझ्यापासून दोन माणसं सोडून उभा राहिला. मी जवळ गेले.

"मी आहे."

"माहीत आहे. बहिणीने बोलावलंय, परवा जातोय तिच्या गावी. म्हटलं, जायच्या आधी टाकी बघून जावं." तो कसंनुसं हसला. "बघून!"

"मी येते तुझ्याबरोबर."

"नको." त्याने हे उत्तर आधीच तयार ठेवलेलं असावं. "तू माझे डोळे होशील. मग माझं प्रेम तुझ्यावर आहे की तुझ्या डोळ्यांवर, हे माझं मलाच कळणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे... तू मला सगळं चांगलं चांगलं सांगत राहशील. आभाळ निळं आहे, तू देखणा दिसतोस, मी सुखी आहे. खोटं किती आणि खरं किती, मी कसं तपासणार? एकदा फसलोय."

घंटा वाजली. ट्राम उताराच्या टोकाशी दिसू लागली. लोक पायऱ्यांवर चढले. आम्ही खालीच थांबलो.

"ब्रेक लावला?" त्याने विचारलं.

"लावला. थांबली. अजिबात पुढे ढकलली गेली नाही."

त्याने श्वास सोडला. नळ उघडले. पाणी पंख्यासारखं पसरलं, उन्हात लखलखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मान इकडून तिकडे फिरवत होता, त्या बारीक नळीत फवारा सापडेना.

"पाणी कुठवर पडलं?"

मी बघितलं. उजवीकडे मस्त, पार फूटपाथच्या कडेपर्यंत. डावीकडे मात्र कमी. तिकडच्या नळाची भोकं कदाचित बारीक झाली होती. आणि तो नकाशा त्याचा नव्हता, माझा होता.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळं छान आहे, एवढंच ऐकायचं होतं त्याला. तीनच शब्द. ते घेऊन तो परवा निघून गेला असता, आयुष्यभर पुरवून पुरवून वापरले असते त्याने. माझ्या ओठांवर आले होते ते...

"डावीकडे कमी पडतंय," मी म्हणाले. "दोन हात तरी कमी. चूक माझी आहे, नळाचा नकाशा मी काढला होता."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. त्याचं उरलंसुरलं एक सुखही मी काढून घेतलं.

आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही भान नव्हतं त्याला.

"दोन हात?"

"अडीच असतील."

"वाईट आहे गं."

"आहेच."

ट्राम आमच्यावर पाणी शिंपडत पुढे गेली. आम्ही दोघंही चिंब झालो. तो काठी दोन्ही हातांत धरून उभा होता.

"रोज असंच खरं सांगशील?"

"रोज."

"कंटाळशील तू."

"तेही सांगेन."

त्याने हात पुढे केला. मी होते तिथून जरा बाजूला. मी सरकून हाताखाली आले.

त्या उन्हाळ्यातच आम्ही लग्न केलं. आई आली आणि त्याच्या कोटाचं बटण तुटलेलं दिसताच तिने ते तिथल्या तिथे शिवून दिलं. पुढच्या हिवाळ्यात नळी बंद झाली. एका सकाळी उठून त्याने विचारलं, "खिडकी उघडी आहे का?" उघडी होती. मी तसं सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी नोकरीवर जायचे, टाक्यांचे नकाशे काढायचे, परत यायचे, आणि तो तसाच. जेवण तसंच. मी कितीही बोलले तरी उत्तर नाही.

एका संध्याकाळी मी दारातच मटकन खाली बसले.

"ऐक," मी म्हणाले. "मी कंटाळलेय."

खाट करकरली. मग तो भिंतीकडून माझ्याकडे वळला. किती दिवसांनी!

"मीही," तो म्हणाला.

मी उठले आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. दिवा लावायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.