जाड आकडे, बारीक आकडे

उद्या सकाळी प्रदर्शन, आणि बोक्याने आजच भिंग घेऊन घोळ उकरून काढला.

काम खरं तर सोपं होतं. आजोबांच्या जुन्या फ्रेंच तिकिटांची पानं फ्रेममध्ये लावायची, बस्स. प्रत्येक तिकिटावर काळ्या ठिपक्यांचा शिक्का आणि त्याच्या मधोमध टपाल कचेरीचा नंबर. एका जुन्या टपाल-रस्त्यावरच्या गावांचे नंबर शोधून आजोबांनी एकेक तिकीट जमवलं होतं. डोळे अधू झाल्यापासून आजोबा नंबर सांगायचे आणि काका तिकीट आणून द्यायचा. पुढच्या वर्षी आपल्याला काहीच दिसणार नाही, हे आजोबांना ठाऊक होतं. म्हणून तर या प्रदर्शनासाठी जिवाचा आटापिटा चालला होता.

"ताई, पहिल्या तिकिटावरचा आकडा जाड आहे. बाकीचे सगळे बारीक."

बोका म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याला उठल्याबसल्या रहस्यं सापडायची, म्हणून तिने आधी त्याला उडवून लावलं. मग भिंगातून स्वतः पाहिलं, तर त्याचं खरं होतं. पहिलं तिकीट तेवढं आजोबांनी स्वतः घेतलेलं होतं, नजर शाबूत असताना.

दोघांनी आजोबांना जाड-बारीक आकड्यांचं उगाच विचारल्यासारखं विचारलं. आजोबा खुलले. आधी बारीक आकड्यांचे शिक्के होते, मग सगळ्या कचेऱ्यांना नव्याने नंबर देऊन जाड आकड्यांचे शिक्के निघाले, असं त्यांनी सांगितलं. "म्हणजे नंबर एकच, पण बारीक असला तर एक गाव आणि जाड असला तर भलतंच. नवशिके इथेच फसतात. माझा रस्ता जाड आकड्यांचा."

बोक्याने ताईकडे पाहिलं. आजोबांच्या रस्त्यावरचं एकच गाव खरं होतं. बाकीची तिकिटं देशभर विखुरलेल्या कुठल्याकुठल्या गावांची होती.

काकाला गाठलं तर त्याने हात वर केले. नंबर जुळला की तो तिकीट घेत होता. जाड-बारीक हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग तो चिडला. परीक्षक काय आकड्यांची जाडी बघत बसणार आहेत, असं म्हणून त्याने भिंग स्वतःच्या खिशात टाकलं.

"आजोबांशी यातलं अक्षर बोलायचं नाही. एवढं एकच उरलंय त्यांना."

ताईला वाटलं, काकाचं बरोबर आहे. तिला फार वाईट वाटत होतं. पण बोका म्हणाला, "आणि उद्या सगळ्यांसमोर कोणी चूक काढली तर?"

अक्षर बोलायचं नव्हतं ना? मग दोघं बोललीच नाहीत. त्यांनी पट्टीने एकेक आकडा मोजला, एकाच मापाने वाढवून काळ्या मार्करने मोठ्या कागदांवर काढला आणि कागद आजोबांच्या टेबलावर ओळीने मांडले.

आजोबा नाक टेकवून पाहू लागले. दुसऱ्या कागदाशी ते थबकले. तरी शेवटपर्यंत गेले, मग परत पहिल्याशी आले. दारात उभ्या काकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"नीट मोजलंत?"

"तीनदा," ताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"शाबास. तपासणं याला म्हणतात." काकाला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त पहिलं सोडून बाकीची तिकिटं काढून टाक म्हणाले. काकाने एकेक तिकीट काढून पाकिटात भरलं.

"आपण पुन्हा जमवू," बोका म्हणाला.

"कधी, बाळा?" आजोबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात त्यांच्या फ्रेममध्ये एकच तिकीट होतं आणि बाकी कोरी पानं. लोक एक नजर टाकून पुढच्या फ्रेमकडे जात होते. एका गृहस्थांनी थांबून विचारलं, बाकीची तिकिटं चोरीला गेली का?

"नाही हो, ती चुकीची होती," आजोबा म्हणाले. "माझ्या नातवंडांनी पकडली."

गृहस्थांनी मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. ताईने आणि बोक्याने मान वर केली नाही. आजोबा मात्र दिवसभर त्या फ्रेमशेजारी उभे राहिले आणि विचारेल त्याला हेच सांगत राहिले.