मोठ्या रस्त्यापलीकडचं घर

तो चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा चष्म्याची एक दांडी त्याच्या हातात होती आणि उरलेला चष्मा नाकावर तिरका लोंबत होता. काउंटरमागे ती फोनवर दादाशी भांडत होती. "तुझी बदली झालीये, माझी नाही! महिनाअखेरीला तू आणि वहिनी जा खुशाल. मला इथंच घर मिळेल, आणि नाही मिळालं तर... तर येईन मुकाट्यानं तुमच्या मागे." तिनं फोन ठेवला, त्याच्या हातातली दांडी ओढून घेतली आणि रागारागानं स्क्रू पिळू लागली.

"एक खोली की दोन?" त्यानं विचारलं.

"काय?"

"घर हो. चोरून ऐकत नव्हतो... पण तुम्ही भांडता जरा मोठ्यानं."

तो घरांचा एजंट होता. सगळी वस्ती त्याला 'नकाशा' म्हणायची, आणि उगीच म्हणत नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यानं पहिलं घर दाखवलं तेव्हा तिला ते नाव पटलं.

"पलंग या भिंतीशी लावू नका," तो म्हणाला. "वरच्यांचा नळ रात्रभर ठिबकतो. झोपेचं खोबरं होईल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आम्ही राहायचो इथं."

दुसऱ्या घरात त्यानं दाराच्या चौकटीवरची खाच दाखवली. ती धाकट्या भावाच्या सायकलची. "इथंही राहायचो." तिसऱ्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं पाढे पाठ केले होते म्हणे. आता मात्र तिला हसू आवरेना.

"अहो, माणूस एका जन्मात राहतो तरी किती घरांत?"

"भाडेकरूचं पोर असेल तर पुष्कळ," तोही हसला. मग म्हणाला, "बाबा लवकर गेले. आई इस्पितळात नर्स. भाडं वाढलं की आम्ही सामान उचलायचो आणि पुढच्या गल्लीत. आमची शाळा बदलायची नाही, हा आईचा हट्ट. म्हणून घर बदलायचं..."

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती तरंगतच. वहिनीनं एका दमात जमिनीवर आणलं. "एजंट आहे तो, वन्सं! गोड बोलणं हाच धंदा त्याचा. तुम्हाला सांगितलं तेच दहा जणांना सांगत असेल."

आणि वहिनीचं बोलणं खरं ठरायला वेळ लागला नाही. चारच दिवसांनी एक आजीआजोबा दुकानात डोळे तपासायला आले. नवीन घरात राहायला गेले होते. आजी कौतुकानं सांगत होत्या, "त्या नकाशानं दाखवलं. काय गोड मुलगा! म्हणाला, आम्ही राहायचो इथं. आईचंही सांगितलं. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं."

दिवसभर लोकांना 'या काचेतून बरं दिसतं की त्या?' विचारणारी ती, पण नकाशाच्या बाबतीत तिला कुठल्याच काचेतून नीट दिसेना. तो खोटं बोलत नव्हता, हे उघड होतं. पण खरं तेच सगळ्यांपुढं सारख्याच गोडव्यानं मांडत असेल, तर त्यात तिच्या वाट्याचं असं काय होतं? ती चौथं घर बघायला गेली ती तोंड फुगवून. त्याच्या प्रत्येक वाक्याला "हं" एवढंच.

उतरताना जिन्यात तो म्हणाला, "उद्या मोठ्या रस्त्यापलीकडचं एक घर बघू. ते माझ्याकडचं नाही. तिथली घरं पलीकडच्या एजंटबाई दाखवतात. तुम्ही आता त्यांच्याच गिऱ्हाईक."

म्हणजे झटकलं की आपल्याला! तिला रात्रभर कळेना, राग कशाचा येतोय. घर त्यानं दिलं नाही याचा, की त्यानं आपल्याला सोडून दिलं याचा?

पलीकडच्या एजंटबाई अंगानं चांगल्याच जड होत्या. "तिसरा मजला माझ्या गुडघ्यांना झेपत नाही," म्हणत त्यांनी किल्ली नकाशाच्या हातात दिली आणि खालीच बसल्या.

आत खिडक्या बंद, मिट्ट काळोख. नकाशा दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपडत राहिला. मग स्वयंपाकघर म्हणून त्यानं उघडलं ते न्हाणीघर निघालं.

"ऊन कुठून येतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"पाणी?"

"माहीत नाही."

"मग आणलंत कशाला मला इथं?" तिचा आवाज चढला.

"कारण इथं मी कधी राहिलेलो नाही!" त्याचाही चढला, आणि लगेच उतरला. "तिकडच्या कुठल्याही घरात शिरलो की माझी टकळी सुरू होते. सवयच आहे, सगळ्यांपुढं होते. तुम्ही हसता... आणि मला कळत नाही, तुम्ही एजंटला हसता की मला. कालपासून तर हसतही नाही. गिऱ्हाइकाशी असलं काही बोलायचं नाही हा माझा नियम आहे. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला बाईंच्या हवाली करावं आणि मग..."

"आणि मग?"

"मग तुमच्याबरोबर एक घर बघावं. नुसतंच. मला काही माहीत नसलेलं."

ती खिडकीशी गेली. कडी अडकली होती. त्यानं जोर लावला, तिनंही लावला, आणि झडप धाडकन उघडून ऊन थेट दोघांच्या तोंडावर आलं. त्याचे डोळे दिपले. घाबरलेलाच होता बिचारा. वस्तीतल्या कोणाला तो असा दिसला नसेल, हे तिला एकदम कळलं, आणि छातीत धडधडायला लागलं.

"माझा गोंधळ अजून संपलेला नाही," ती हळूच म्हणाली.

"माझाही नाही."

"विश्वास बसायला वेळ लागेल मला..."

"लागू दे की. मी कुठं जातोय?"

खालून एजंटबाईंची हाक आली. "अहो, पसंत आहे का? मालक फोनवर विचारतायत, राहणार कोण? एकटी की दोघं?"

त्यानं श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून वाकली.

"पसंत आहे!" ती ओरडली. "सध्या एकटीच!"

आणि मग, पाठीमागे तो काय करतोय ते बघायची हिंमत होईना, म्हणून कितीतरी वेळ तशीच वाकून, लाल झालेल्या तोंडानं रस्त्याकडे बघत राहिली.