सतरा नंबरचा शिक्का

यातला एकही शब्द पदरचा नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे भाऊजी, माझ्या सख्ख्या ताईचे नवरे. धडधाकट आहेत, आणि मी हे लिहितोय म्हणून माझ्यावर चिडलेले आहेत. चिडू देत. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी कुणाच्या हातापाया पडत नाही.

वार गुरुवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. जागा, लहान मुलांच्या दवाखान्याचा दुसरा मजला.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं.

पण आधी भाऊजींचं काम काय होतं ते ऐका, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

भाऊजी ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. खांबावरचे ढब्बू ट्रान्सफॉर्मर नव्हेत हं, मुठीत मावतील एवढे. त्यात तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याच्या मधोमध फेराइटचा कोअर बसवतात. फेराइट म्हणजे गंजासारखी भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेला काळा तुकडा. तुमच्या चार्जरमध्ये तोच, टीव्हीमध्ये तोच. कॉम्प्युटरच्या वायरीवर काळी गाठ असते ना, तिच्या पोटातही तोच. दिसायला लोखंड, पण स्वभाव कपबशीचा. हातातून निसटला की संपला.

आणि कधीकधी संपलेला दिसतही नाही. केसाएवढी चीर जाते. मीटरला लावा, मीटर म्हणतो सगळं ठीक. पण मशीन तासन्‌तास चाललं, कोअर तापला, की ती चीर उघडते. मग तो जास्त करंट ओढतो, आणखी तापतो, आणि एक दिवस जळतो.

ही चीर पकडायची कानमावशी.

खरं नाव कुणी घेतच नसे. पंचवीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर बसलेली बाई. कोअर बोटांच्या टोकांवर अलगद धरायचा, पितळी सळईने हलकेच टोला द्यायचा. चांगला कोअर वाजायचा... टिंग. चिरलेला वाजायचा... थप्प. "माझे कान सासूचे आहेत रे बाबांनो, कुजबुज पण सुटत नाही," असं म्हणून स्वतःच हसायची. तिने पास केलेल्या खोक्यावर तिचा शिक्का बसायचा. नंबर सतरा.

एका दुपारी सहाशे कोअरचं खोकं ढकलगाडीवरून खाली आलं. भाऊजींच्याच हातून.

आसपास कुणी नव्हतं. भाऊजींनी तुटलेले तुकडे गुपचूप कचऱ्यात टाकले, टवके उडालेल्यांना एपॉक्सी गोंद लावून चिकटवलं, बाकीचे झटकून पुन्हा खोक्यात भरले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. ही म्हण आमच्या भाऊजींना बघूनच कुणाला तरी सुचली असावी.

मावशीने त्या खोक्यातले वीस कोअर वाजवले. नऊ थप्प.

"साहेब, हे खोकं कुठंतरी आपटलंय."

"काहीतरीच काय, मावशी. मीटर बघा. सगळे पास आहेत."

"मीटरला कान असतात होय?" असं म्हणून तिने खोकं बाजूला सारलं आणि ती जेवायला गेली.

मालकांना माल संध्याकाळी पाठवायचा होता. भाऊजींनी तिचा ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि खोक्यावर मारला.

चार महिन्यांनी गिऱ्हाइकाची तक्रार आली. ते ट्रान्सफॉर्मर दवाखान्यातल्या मशीनना वीज देणाऱ्या डब्यांमध्ये बसवले होते, आणि ते डबे एकामागून एक जळत होते. खोक्याचा फोटोही आला. शिक्का नंबर सतरा.

मालकांनी मावशीला सगळ्या कारखान्यासमोर उभं केलं. "कान गेले असतील तर घरी बसा! लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय!"

मावशी मालकांकडे बघतच नव्हती. ती भाऊजींकडे बघत होती.

भाऊजींनी मान खाली घातली.

जाताना ती त्यांच्याजवळ थांबली. आवाज अगदी शांत. "एक शब्द बोलला असतात तरी पुरलं असतं, साहेब. आज नाही निघाला तुमच्या तोंडून. काही हरकत नाही... मी काढून घेईन."

नवव्या दिवशी ती गेली. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

भाऊजी शेवटचं दर्शन घ्यायलाही गेले नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी टेस्टिंगचं काम अंगावर आलं म्हणून भाऊजींनी सळई उचलली. नवा कोरा माल होता. पहिला कोअर घेतला.

थप्प.

दुसरा... थप्प. तिसरा... थप्प. सगळं खोकं थप्प!

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं. तिने तेच कोअर वाजवले. टिंग, टिंग, टिंग. "छान आहेत की साहेब," ती म्हणाली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून हळूच मागे सरली. भाऊजींनी सळई ठेवून दिली आणि डोकं दुखतंय सांगून घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या बंद ड्रॉवरमधून आवाज यायला लागला. दोनदा टिंग... आणि मग थप्प. दिवसातून एकदाच. बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी. मावशी कारखान्यातून शेवटची बाहेर पडली ती वेळ.

कुणाला सांगणार? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

अशातच ताई बाळंत झाली. अकरा वर्षं वाट पाहून राहिलेलं मूल, तेही सातव्या महिन्यात आलं. मुलगा. वजन जेमतेम दीड किलो. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीची ऊब होती तोवर तो होता, एवढं साधं गणित डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. ताई स्टुलावर बसून काचेला हात लावून असायची. जेवण नाही, झोप नाही. मला म्हणायची, "अरे, माझा हात काढला तर तो जाईल असं वाटतं."

तो गुरुवार, बाळाचा सहावा दिवस.

भाऊजी पेटीपाशी उभे होते. भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले.

टिंग...

भाऊजींनी झटकन मान वळवली.

टिंग...

आवाज पेटीच्या मागून येत होता.

थप्प.

ते वाकले. पेटीमागे वीज देणारा डबा होता. त्यावर त्याच गिऱ्हाइकाची चिठ्ठी. तारीख, ते खोकं गेलं त्याच महिन्याची.

"काय शोधताय?" ताईने विचारलं.

"काही नाही."

यावेळी आवाज थांबला नाही. पुन्हा टिंग, टिंग, थप्प. आणि भाऊजींना दिसलं... थप्प झालं की बाळाची छाती थांबायची. पुढच्या टिंगला पुन्हा हलायची. भाऊजींनी डोळे चोळले. पुन्हा तेच.

"सिस्टर! ही पेटी बदला!"

सिस्टर आल्या. दिवे बघितले. सगळे हिरवे. "मशीन व्यवस्थित चालू आहे. एवढ्याशा जिवाला उगाच हलवता येत नाही हो. का बदलायची?"

"वास... जळका वास येतोय."

सिस्टरनी वास घेतला. ताईनेही घेतला. कुणालाच वास आला नाही.

टिंग, टिंग, थप्प. आता भराभर.

"मशीन गरम लागतंय."

सिस्टरनी हात लावून पाहिला. "नाही हो. तुम्ही जरा बाहेर बसा बघू, पाणी प्या."

थप्प.

छाती थांबली... या वेळी पुढचा टिंग आलाच नाही.

भाऊजी म्हणतात, त्या क्षणी कानाशी अगदी जवळून कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी माणूस घेतो ना, तसा. पण बोललं कुणीच नाही. ते त्यांनी बोलायचं होतं.

"खोकं मी पाडलं!" भाऊजी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "चिरलेले कोअर मी भरले! मावशी नको म्हणाली होती, तिचा शिक्का चोरून मी मारला! ती निर्दोष होती! हा डबा त्यातलाच आहे, जळेल हो हा, माझ्या पोराला बाहेर काढा!"



मग बाळ कळवळून रडलं. असं रडलं की ताईच्याही डोळ्यांत पाणी आलं.

सिस्टर धावल्या. दुसरी पेटी आणली, बाळाला हलवलं. अकरा मिनिटांनी जुन्या पेटीचे दिवे एकदम गेले आणि मागून धूर आला. नंतर मेकॅनिकने डबा उघडला. आतला कोअर मधोमध दुभंगून काळाठिक्कर पडला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मालकांना सगळं लिहून दिलं आणि कारखान्यात सर्वांसमोर वाचून दाखवलं. उरलेले डबे परत मागवले. भाऊजींना काढून टाकलं, ते व्हायचंच होतं. ताई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. तिचं काय चुकलं?

इथे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

बाळ घरी आलं त्या आठवड्यात भाऊजी मावशीच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून. न कळवता. दोन खोल्यांचं घर, जिना चढून वर. त्यांनी दार वाजवायच्या आत दार उघडलं.

मावशीचे यजमान. थकलेले गृहस्थ. "या. चार वाजता येणार म्हणाली होती, चारला आलात."

"कोण म्हणालं?"

"ही." एवढंच म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली.

भाऊजींना वाटलं, एकटेपणाने बिचाऱ्यांचं चित्त ठिकाणावर नसेल. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. खोकं, शिक्का, मालक, सगळं. बाळाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. काका ऐकत होते. रागावले नाहीत. शेवटी म्हणाले, "बोललात, बरं झालं."

भाऊजी उठले. उंबऱ्यापाशी पोचले.

"बाळ...?" काकांनी मागून विचारलं.

भाऊजी गर्रकन वळले. "बरं आहे. परवाच घरी आणलं."

काका चमकले. खरोखर चमकले.

"बरं आहे? पण ही तर म्हणाली होती, बाळ गेल्यावर येतील."

मग ते आतल्या खोलीकडे वळले आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाले, "अगं, ऐकलंस का? बाळ आहे म्हणतात अजून."



आतल्या खोलीचं दार... हळूच उघडायला लागलं.

भाऊजी जिना कसे उतरले ते त्यांनाही आठवत नाही.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. द्वाड आहे, गोड आहे, मामाच्या खांद्यावरून उतरत नाही. काकांच्या घरी काय झालं ते ताईला अजून माहीत नाही. गेल्या आठवड्यात पोराला ताप आला. साधाच, दोन दिवसांत उतरला. पोरगं उठून खेळायलाही लागलं. पण तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजले की भाऊजी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि त्याच्या छातीवर हात ठेवतात. ताई विचारते, "असं काय करता हो रोज?" ते म्हणतात, "ताप बघतोय." मी तिथे असलो तर घड्याळाकडे बघत बसतो, तीन दहा उलटेपर्यंत.