दहावा शब्द

मी एकेचाळीस वर्षं मास्तरकी केली. फळ्यावर चूक झाली, तर मुलांसमोरच पुसून दुरुस्त केली. ही एक चूक मात्र पुसता आली नाही. म्हणून जसं घडलं तसंच सांगतो.

बुऱ्हाणपूर. शनवारा दरवाज्यामागची गल्ली. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, दिवेलागणीची वेळ.

तिथे एक जुना दगडी हॉल आहे. पूर्वी ते ज्यू लोकांचं प्रार्थनाघर होतं, सिनेगॉग. कोकणातून गिरणीत आणि रेल्वेत कामाला आलेली मराठी बोलणारी कुटुंबं ती. आता पश्चिमेच्या भिंतीत एक रिकामं लाकडी कपाट तेवढं उरलंय. त्यात त्यांचा पवित्र ग्रंथ असे.

त्यांच्यातले शेवटचे रूबेनकाका झिराडकर. डोळे मिटण्याआधी त्यांनी हॉलची किल्ली माझ्या हातात दिली.

"पोरांना शिकवा इथे, मास्तर. जागेत आवाज राहू द्या."

त्यांनीच मला सांगितलं होतं... दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामूहिक प्रार्थना होत नाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला की पुरुषांत धरतात. आणि माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक हिब्रू ओळ म्हणायची, एका माणसावर एक शब्द. ओळ पुरी झाली की प्रार्थना सुरू.

एक वेळ अशी आली, की नऊच उरले. दहावा होणार होता काकांचा मुलगा, डॅनियल.

तेरा पूर्ण व्हायला चार दिवस असताना तो तापीत बुडाला.

तरी ते नऊ जण दर शुक्रवारी येऊन बसत. ओळ नवव्या शब्दावर थांबे. मग एकेक कुटुंब इस्रायलला निघून गेलं.

काकांकडून पाठ केलेली ती ओळ मी हॉलमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवली. हजेरीचा खेळ म्हणून.

हीच माझी चूक.

त्या शुक्रवारी वर्गातला निरंजन मावा जिलेबीचा डबा घेऊन आला.

"सर, आज याचा बर्थडे! तेरा पूर्ण," तृप्ती म्हणाली. "पण मिशी कुठाय रे?"

"तुझी आहे ना, तीच दे!"

सगळे हसले.

हसू थांबलं... आणि कपाटाच्या बाजूने कुणीतरी ती ओळ म्हणू लागलं.

सावकाश. प्रत्येक शब्दाला वेगळा आवाज.

पहिला... दुसरा... तिसरा...

नववा घोगरा होता. तो आवाज मी ओळखला.

मग शांतता.

गल्लीतल्या रिक्षा गप्प. छपरावरची कबुतरं गप्प. कुणीतरी वाट पाहत असलं की असते, तशी शांतता.

निरंजन उठला. डबा खाली ठेवून कपाटाकडे चालू लागला. त्याचे ओठ हलले...

मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"रूबेनकाका!" मी ओरडलो. "हे पोरगं तुमचं नाही!"

कपाटाचं दार हळूच मिटलं.

ते उघडलं कधी, कुणीच पाहिलं नव्हतं.

आता वर्ग माझ्या ओसरीवर भरतो. शुक्रवारी मात्र मी एकटाच हॉलमध्ये जाऊन बसतो. नऊ शब्द ऐकतो आणि कुलूप लावून परत येतो. वाटायचं, मी सोबत बसलो तर ते मुलाची वाट पाहणं सोडतील.

परवा निरंजनची आई, आशाबाई, आली.

"मास्तरजी, शुक्रवारी अंधार पडला का हे पोरगं पश्चिमेला तोंड करून बसतं. काहीतरी पुटपुटतं. लंबं काही नाही... एकच शब्द."

मी निरंजनला जवळ बसवलं. पाठीवर हात ठेवून विचारलं, "कोणता शब्द, बाळा?"

त्याने सांगितला.

दहावा होता.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. गणित न सुटल्यावर बघायचा, तसं.

"सर, तुम्ही दर वेळी नवव्या शब्दावर उठून का येता? प्रार्थना तर त्याच्यानंतर सुरू होते..."

तो त्या वाढदिवसानंतर हॉलमध्ये एकदाही गेलेला नाही.

आज शुक्रवार आहे. किल्ली माझ्या हातात आहे. दहावा शब्द मलाही पाठ आहे. ऊन उतरत चाललंय...