बेवारस तारीख

गुलमंडीत कापडाच्या दुकानावर सुकेशनी साळवेंची कचेरी होती. पाटीवर ‘खासगी तपास’ असं भारदस्त लिहिलेलं असलं, तरी दहातली आठ कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का. हाताखाली नवाबभाई होते, निवृत्त हवालदार. आयुष्यभर चोर पकडले आणि म्हातारपणी नवरदेव तपासायची पाळी आली, याचं त्यांना मनातून वाईट वाटे.

२०२४ च्या जूनमध्ये शहराला आठ दिवसांआड नळ येत होता आणि खेड्यांना टँकर. अशा एका बुधवारी सकाळी सृष्टी शिंगाडे कचेरीत आली, आणि नवाबभाई सरसावून बसले. हे काम नवरदेवाचं नव्हतं.

सृष्टी लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली. भूजलाच्या अभ्यासासाठी तिला जर्मनीत प्रवेश मिळाला होता. विद्यार्थी व्हिसासाठी मुंबईच्या केंद्रातली अपॉइंटमेंट चार महिने वाट पाहून मिळाली होती, पुढच्या गुरुवारची. काल कोणीतरी वेबसाइटवर जाऊन ती परस्पर रद्द केली. आता नवी वेळ थेट नोव्हेंबरची, आणि वर्ग तर ऑक्टोबरात सुरू होणार.

“केंद्र म्हणतं, ज्यानं रद्द केली त्यानं उद्या बारापर्यंत सहीनिशी लिहून द्यायचं, की मला न विचारता केलं,” सृष्टी म्हणाली. “मग त्याच आठवड्यात वेळ देतील. नाहीतर माझी जागा गेली.”

केंद्राची मेल तिनं पुढे ठेवली. रद्द करायला पासपोर्टचा नंबर आणि जन्मतारीख लागते. नंबर पहिल्यापासून बरोबर होता. जन्मतारीख मात्र आधी २० डिसेंबर २००१ अशी टाकली गेली, ती नामंजूर झाली. दहा मिनिटांनी १ जून २००१ टाकली, ती चालली.

“वीस डिसेंबर कोणाची?” सुकेशनीबाईंनी विचारलं.

“माझी तर नाही. माझ्या सगळ्या कागदांवर एक जूनच आहे.”

नवाबभाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. काम परक्या माणसाचं. ओळखीचा असता तर पहिल्या झटक्यात बरोबर तारीख टाकली असती. यानं मागाहून झेरॉक्स बघितली.

“झेरॉक्स जवळ होती, तर आधी चुकीची का टाकली?” बाई म्हणाल्या.

नवाबभाईंनी चहा मागवला.

पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी होत्या: सल्लागार मुनीबकडे, मैत्रीण अदीबाकडे आणि घरी.

मुनीबचं परदेशी शिक्षणाचं सल्ला केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. सृष्टीनं त्याला अर्ध्यात सोडून अर्ज स्वतःच भरला, याचा राग त्यानं लपवला नाही. पण फाइल मुकाट्यानं पुढे केली. पानोपानी एक जून. त्याच्याकडे येणारी अर्धी खेड्यातली पोरं एक जूनचीच असतात, म्हणाला, मास्तर लोकांची मेहरबानी.

अदीबा सृष्टीची होस्टेलातली खोलीसोबती, जर्मनीलाच निघालेली. तिला वेळ मिळत नव्हती. काल दुपारी अचानक एक जागा रिकामी दिसली आणि तिनं ती पटकावली. गुरुवारची, सृष्टीचीच. हे सांगताना ती रडायला लागली. जागा सृष्टीची होती हे रात्री कळलं, आणि मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तिच्या टेबलावर अकरा दिवसांपूर्वीचा फोटो होता, सृष्टीला केक भरवतानाचा.

जिना उतरताना नवाबभाई म्हणाले, “केस खतम. फायदा जिचा, गुन्हा तिचा.”

“एक जूनला केक कापणारी पोरगी डिसेंबर कशाला टाकेल?”

“दिशाभूल करायला, मॅडम.”

“चुकलेल्या तारखेचीही नोंद राहते, हे तिला कुठं माहीत होतं? सृष्टीलासुद्धा मेल आल्यावर कळलं.”

नवाबभाईंची केस जिन्यातच निकालात निघाली. दुपारच्या एसटीनं सृष्टीसह तिघं लासूरला गेले.

घरी आई पुतळाबाई होती. वडील, आप्पा, होळीपासून मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेले, अजून परतले नव्हते. थोरला भाऊ खंडेराव टँकर चालवायचा. दोन खेपांच्या मध्ये घरी टेकला होता. बहिणीचं त्यानं तोंडभरून कौतुक केलं. पासपोर्टच्या वेळी पोलीस ठाण्यात तोच तिला घेऊन गेला होता.

बाईंनी पुतळाबाईला मुलीच्या जन्माचं विचारलं.

“चंपाषष्ठीला झाली बघा. तिकडं खंडोबाची तळी भरत व्हते अन् हिकडं मला कळा. तारीख कोन बघतंय? मास्तरनं एक जून टाकली, सगळ्या वर्गाला तीच.”

मग ती बोलतच राहिली. गेल्या म्हैन्यात खंडूनं सृष्टीची पत्रिका करून आणली गुरुजीकडून. कशाला म्हणलं, तर म्हणे असू दे. खंडू तिशी ओलांडून गेला, पण टँकरच्या गावात लेक कोण देतं? आता खुलताबादकडचं एक जमत आलंय. पोरीचा भाऊबी बिनलग्नाचाच, घर लई चांगलं.

इथेही लग्नाचीच कथा निघाली म्हणून नवाबभाईंनी जांभई दिली. बाई मात्र मोबाइलवर जुनं पंचांग उघडून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

“नवाबभाई, आपण उलटं धरून बसलो. डिसेंबर टाकणाऱ्याला सृष्टी माहीत नव्हती असं नाही. त्याला तिच्या कागदांपेक्षा जास्त माहीत होतं. २००१ ची चंपाषष्ठी वीस डिसेंबरला होती. तिचा खरा जन्मदिवस.”

बाईंनी मोबाइलवरचं पंचांग सगळ्यांपुढे धरलं.

“मुनीब आणि अदीबाला फक्त एक जून माहीत. आईला तिथी माहीत, तारीख नाही. वडील तर घरातच नाहीत. तिथीची तारीख लागते ती पत्रिकेला. पत्रिका करायला कोण गेलं, ते आईंनीच सांगितलं.”

“पर पत्रिकेचा अन् व्हिसाचा संबंध काय?” नवाबभाईंनी विचारलं.

“लग्नाच्या कामात खरी तारीख चालते, सरकारी कामात मास्तरांची. खंडेराव महिनाभर लग्नाच्याच कामात होते, म्हणून हाताला तीच आली. नंबर झेरॉक्सवरून घेतला, तारीख मात्र डोक्यातली टाकली; नामंजूर झाल्यावर झेरॉक्स पुन्हा काढून बघितली. त्यात गेली दहा मिनिटं. आणि पत्रिका नुसती ‘असू दे’ म्हणून कोणी करत नाही. मुलीचा भाऊ बिनलग्नाचा आहे. त्यांनी साटंलोटं मागितलं ना? त्यांची लेक तुम्हाला, तुमची बहीण त्यांना.”

खंडेराव जमिनीकडे बघत होता.

“येक साल थांबंल वाटलं,” तो म्हणाला. “तवर समजावलं असतं. ही गेली तर ते घर हातचं जातंय. मला दुसरं कोन देनार हाय?”

नवाबभाईंनी नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले होते. या माणसाची त्यांना कीव आली.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. खंडेरावनं तो घेतला नाही. सही केली की ठरत आलेलं लग्न मोडणार, हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं.

पुतळाबाई उठली, घरातून पेन आणलं आणि लेकाच्या हातात कोंबलं.

“लिही. सून पायजे मला. पर लेक देऊन नगं.”

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, सही मात्र नीट केली. सृष्टीनं फोटो काढून पाठवला आणि सगळे फोनकडे बघत बसले. खंडेरावची टँकरची खेप चुकली, तरी तो उठला नाही. तासाभरानं उत्तर आलं: पुढचा शुक्रवार, सकाळी दहा. पुतळाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं.

सृष्टी भावाजवळ जाऊन बसली. अजून तिच्या डोळ्यांत राग होता.

“दादा, खुलताबादच्या त्या पोरीचं नाव काय?”

खंडेरावनं आईकडे पाहिलं. आईलाही ते माहीत नव्हतं.