हजेरीचा दिवा

तहसील कचेरीची इमारत इंग्रजी अमदानीतली, काळ्या दगडाची. तिच्या लांब बोळीला पूर्वेकडून उंच खिडक्या होत्या आणि बांधणाऱ्यांच्या हिशेबाने त्या बोळीत संध्याकाळपर्यंत दिव्याची गरज पडू नये. पुढच्या पिढ्यांनी त्या खिडक्यांपुढे लोखंडी कपाटे लावली, कपाटांवर गठ्ठे रचले, गठ्ठ्यांवर धूळ जमू दिली, आणि मग भर दुपारी इथे दिवे जळतात म्हणून वीजबिलावर लाल शाईने शेरे मारले. कपाटे हलवावीत असे कोणाला सुचले नाही. वरून आदेश आला तो दिवे बदलण्याचा.

गुणगुणणाऱ्या जुन्या नळ्या उतरल्या, एलईडी पट्ट्या चढल्या. छताला वाटीएवढे पांढरे सेन्सर बसले. खाली माणूस आला की दिवा लागावा, माणूस गेला की विझावा. माणसावाचून जळणारा दिवा हा अपव्यय होय, असे परिपत्रकात स्वच्छ लिहिले होते. माणूस असताना न लागणाऱ्या दिव्याविषयी परिपत्रक मौन होते. परिपत्रकांना इतकी दूरची कल्पना नसते.

काम पवनच्या देखरेखीखाली झाले. मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या कडेला त्याच्या घरचा मळा. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारे हे घर. पवनने मात्र विजेची पदविका घेतली आणि वाशिमच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर झाला. त्याची माय, प्रयागबाई, अजूनही पहाटे जुड्या बांधी आणि मग नातीची वेणी घाली. लेकाच्या शिक्षणाविषयी तिचे मत एवढेच होते, की ज्या झाडाले पानी द्या लागत नाई, त्याचा भरोसा नाई.

बोळीच्या टोकाला निराधार योजनेची शाखा होती. अनुदान घेणाऱ्या म्हाताऱ्यांनी वर्षातून एकदा इथे समक्ष यायचे आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायचे. अव्वल कारकून उत्तमराव यांनी ते पाहायचे आणि तसे लिहायचे. यातले लिहिणे उत्तमरावांच्या अंगवळणी पडले होते. पाहणे कधीच पडले नाही. ते प्लायवुडच्या आडोशामागे बसत. कमरेच्या उंचीवर एक झरोका, वर धुरकट काच. बाहेर बाक. पूर्वी ते नाव पुकारत, झरोक्यातून एखादा सुरकुतलेला हात आत येई, त्या हाताचा अंगठा ते घेत. चेहरा हा त्या व्यवहाराचा भाग नव्हता.

दिवे बसल्यावर पवननेच त्यांना गंमत म्हणून दाखवले, “साहेब, बाकावर कोनी बसलं का तुमची काच उजळते. आता मान वर करायचंही काम नाई.”

उत्तमरावांना गंमत कळत नसे. सोय कळत असे. दुसऱ्या दिवसापासून पद्धत ठरली. नाव पुकारायचे. काच उजळली तर हयात. न उजळली तर अनुपस्थित. साऱ्या जिल्ह्यात इतकी निर्दोष पडताळणी कुठे होत नसेल.

नानीबाई तांड्यावरून चालत आली होती. तिचे नाव पुकारले गेले, ती बाकावर बसली, आणि काच काळीच राहिली.

“अनुपस्थित,” आतून आवाज आला.

“कोन अनुपस्थित? मी काय दिसून नाई राह्यली तुले?”

“लाइट नाई लागला बाई. लाइट लागला का मंग बोलजो.”

पवन त्या दिवशी चाचणीसाठी तिथेच होता. तो बाकाजवळ गेला, दिवा लागला. दूर झाला, विझला. नानीबाई बसली; काही नाही. तिने दोन्ही हात हवेत हलवले, कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या खळाखळा वाजल्या, काही नाही. त्याने सेन्सर बदलला. नव्या सेन्सरवरही दिवा त्याच्यासाठी लागला, तिच्यासाठी लागला नाही. तिला उठवण्याच्या मिषाने त्याने तिचे मनगट धरले. मनगट ऊनऊन होते, नाडी ठणठणीत.

“तब्येत बरी हाय ना बाई?”

“पाई आली मी तांड्यावरून. मेलेलं मानूस पाई येते का रे?”

बोळीतून किटली घेऊन चाललेला रऊफ थांबला. फाटकाशी त्याची चहाची टपरी होती. “सरकारी लाइट हाय मौसी,” तो म्हणाला, “वशिल्याबिगर लागत नाई.” बाकी म्हातारे हसले. नानीबाईही हसली. रऊफने तिला अर्धा कप चहा पाजला.

पवनने मनाशी निदान केले: उन्हातून आलेले अंग आणि बोळीतली हवा सारखीच तापलेली असली की सेन्सरला फरक कळत नाही. निदान पुस्तकात शोभेल असे होते. बोळ तेवढी थंडगार होती.

पुढच्या खेपेला त्याने टपरीवर विचारले, “नानीबाईचं काम झालं का मंग?”

“कोन नानीबाई?”

“तुमीच चहा पाजला ना तिले. बांगड्यावाली.”

रऊफने किटली खाली ठेवली. गावात कोणाला साखर किती लागते हे न विचारता ओळखणारा तो माणूस. त्याने खरोखर आठवून पाहिले. कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या आठ्यांच्या मागे काहीच हाती लागत नाही हे पवनला स्पष्ट दिसले. “कायले मस्करी करता भाऊ,” रऊफ शेवटी म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच सुमारास दुसरी तक्रार आली. जेवणाच्या सुट्टीत, सारी बोळ रिकामी असताना, बाकावरचा दिवा जळत राहतो. पवन गेला तेव्हा तो जळतच होता. खाली रिकामा बाक. त्याने शिडी लावली, सेन्सरवर कागद चिकटवून तो आंधळा केला. दिवा विझला नाही. मग खाली उतरून, का ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते, त्याने बाकाच्या फळीवर तळहात टेकला. फळी ऊनऊन होती, कोणी नुकतेच उठून गेल्यासारखी. तो हात सरकवत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी तशीच होती. एक-दोन माणसांच्या बसण्याने इतकी फळी तापली नसती.

उत्तमराव समाधानी होते. अनुपस्थित वाढले तसे काम हलके झाले. आणि विशेष म्हणजे कोणी भांडायला येत नव्हते. ज्यांची नावे गळली त्यांची मुले आली नाहीत, सुना आल्या नाहीत, शेजारी आले नाहीत. शासनाच्या एखाद्या निर्णयाला जनतेने इतकी शांत संमती क्वचितच दिली असेल.

अनुदानाच्या त्याच यादीत प्रयागबाईचेही नाव होते. पवनने मायचे जाणे लांबवायला सुरुवात केली. आज गर्दी असेल, उद्या साहेब नाहीत, परवा पाहू. प्रयागबाईला कारणे चालत नसत.

“मुदत सरून राह्यली. तू काहून टाळून राह्यला?”

“मी आनतो ना दाखला. तू कायले येते?”

“मी जित्ती आहो हे तू काहून सांगशीन? मी सांगीन. तोंड हाय मले.”

शेवटचा दिवस आला. पवन तिच्या आधी पोचला. आता तो शक्यतांवर विसंबून राहणार नव्हता. त्याने बाकावरचा सेन्सर उतरवला, खिशात टाकला, आणि दोन्ही वायरी सरळ एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळली. आता तो साधा दिवा होता, बटण दाबले की लागणारा. कोणाला ओळखणे वा न ओळखणे त्याच्या हाती उरले नव्हते. पवनने बटण दाबले. भिंतीवरचे चुन्याचे पोपडे, बाकाच्या खुणा, खाली सांडलेल्या चहाचा डाग, सारे लख्ख दिसले. उत्तमरावांची काच उजळली. मग तो मायला आणायला फाटकाशी गेला.

ठेवणीतले पातळ नेसून ती आली होती. तरी पदराला सांभाराचा वास होताच. ती बोळीतून चालत आली, आणि बाकावर बसली.

दिवा विझला.

पवनने वर पाहिले. टेप जागच्या जागी होती. बोळीतले दुसरे दिवे माणसांमागे लागत होते, विझत होते.

“माय, ऊठ जराशी.”

ती उठून दोन पावले दूर झाली. दिवा लागला.

“बस.”

विझला.

“ऊठ.”

“काय उठबस लावली रे? शाळंत हाय का मी?”

आतून नाव पुकारले गेले. काच काळी होती. पवन झरोक्याशी वाकला.

“साहेब, माझी माय हाय. बाकावर बसली हाय. मान वर करून पाहा.”

“एकासाठी नियम मोडला का भाऊ, मंग सगळ्याइसाठी मोडा लागते.”

“पाहा म्हनलं ना.”

त्या आवाजात असे काही होते की उत्तमराव उठले. आडोशाचे दार उघडून ते बाहेर आले. त्या दारातून म्हाताऱ्यांसाठी ते पहिल्यांदाच बाहेर येत असावेत. त्यांनी बाकाकडे पाहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा पाहिले. आयुष्यभर कामचुकारपणा केलेल्या माणसाचा तो चेहरा पवनला ओळखीचा होता. या क्षणी त्या चेहऱ्यावर चुकारपणा नव्हता.

“पवनभाऊ,” ते हळू म्हणाले, “कोनाले पाहू?”

“मले पाह्य की रे, उत्तम,” प्रयागबाई म्हणाली. “तुह्या लगनाची भाजी मीच देल्ली होती.”

उत्तमराव पवनच्या उत्तराची वाट पाहत राहिले.

प्रयागबाईने मग त्यांना काही विचारले नाही. तिने लेकाच्या मनगटावर हात ठेवला. रेघांमध्ये माती मुरलेला, खरबरीत, ऊनऊन हात.

“चाल घरी,” ती म्हणाली.

फाटकाशी पवन थांबला. “रऊफभाई, चहा द्या. मायले आदुगर.”

रऊफने एकच ग्लास भरला.

“एकच काहून?”

“तुमी एकलेच तर आहा,” रऊफ म्हणाला.

पवनने ग्लासाला हात लावला नाही. मोटारसायकल सुरू केली.

“बसली ना माय?”

“बसली.”

सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेले ट्रक बाजार समितीबाहेर उभे होते. तिथे त्याने पुन्हा विचारले. “बसली रे,” मागून उत्तर आले.

नाल्याच्या पुलावर त्याने विचारले. वारा फार होता.

पुलापलीकडे त्याला विचारायचे होते. ओठ हललेही. काय विचारायचे होते ते मात्र जिभेवर येईना.

मळ्याच्या वळणावर खड्डा लागला आणि गाडी मागून दबली. मागच्या चाकात हवा कमी असावी, असे त्याला वाटले. सकाळी पाहून घेऊ.

घरी त्याची बायको राधिका पीठ मळत होती. “कुठं होते दिवसभर?”

“हापिसात. एक दिवा तरास देऊन राह्यला होता.”

“झाला का मंग?”

“झाला. सरळ जोडून देल्ला.”

खिशात कसलीशी पांढरी वाटी लागली, ती त्याने काढून फळीवर ठेवली. तो, राधिका आणि लेक जुई, अशी तिघांची ताटे वाढली गेली. तिघेही जेवले.

सकाळी जुई शाळेचा गणवेश घालून ओसरीवर उभी होती. पवन गाडीच्या चाकात हवा पाहत होता. हवा पुरेशी होती. त्याची नजर पोरीच्या पाठीवर गेली. मानेपासून ओढून घट्ट घातलेली, पीळ न सुटणारी वेणी, टोकाला लाल रिबिनीचे फूल.

“छान घातली आज तुह्या मम्मीनं.”

राधिका चुलीशीच होती. “मी कुठं? आज मले येळच नाई भेटला. मले वाटलं तुमी...”

पवनला वेणी येत नव्हती.

“कोनं घातली, जुई?”

जुईने मागे हात नेऊन वेणी चाचपली. “मालूम नाई,” ती म्हणाली. “रोजच असते.”

पवनने वेणी हातात घेतली. बोटांना तेल लागले. ते अजून कोमट होते.